जुनं रिव्हॉल्व्हर घेताना: आधी बोर बघा, मग पोलाद

रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात जुन्या रिव्हॉल्व्हरची चौकशी करणारे बहुधा तीन तऱ्हेचे असतात. केळीच्या हंगामात रोकड घेऊन फिरणारा व्यापारी, आजोबांच्या लोखंडी कपाटातलं शस्त्र अचानक अंगावर आलेला नातू आणि नेमबाजीची मनापासून ओढ असलेला तरुण. तिघांच्या डोळ्यांपुढे चित्र मात्र एकच असतं: इंग्रजी अमदानीतलं, लांब नळीचं, हातात भरभक्कम वाटणारं वेब्ली. हा लेख तिघांसाठी आहे. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐकायला कडू आहे, म्हणून ती आधीच सांगतो.

ते मोठ्या बोरचं वेब्ली तुम्हाला जळगावच्या परवान्यावर घेता येणार नाही.

कारण बोरमध्ये आहे. आपल्या शस्त्र कायद्याने बंदुका-पिस्तुलांचे दोन गट पाडले आहेत: प्रतिबंधित बोर आणि अप्रतिबंधित बोर. दुकानात आणि कचेरीत त्यांना पीबी आणि एनपीबी म्हणतात. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ चं काठाचं काडतूस बसून उडू शकतं, ते प्रतिबंधित. लष्करी ९ मिमीचं काडतूस घेणारं पिस्तूलही त्यातच. लष्कराची आणि पोलिसांची काडतुसं खासगी शस्त्रात चालू नयेत, हा त्यामागचा हिशेब. ब्रिटिश फौजेने वेब्ली १८८७ मध्ये स्वीकारलं, त्याचं सर्वांत गाजलेलं सहावं मॉडेल १९१५ मध्ये आलं आणि ही सगळी मालिका .४५५ ची होती. पुढे १९३० च्या दशकात फौजेने हलकं .३८ एनफिल्ड घेतलं, तेही याच यादीत अडकतं. म्हणजे जुन्या काळातलं ‘साहेबाचं रिव्हॉल्व्हर’ म्हणून जे जे आपल्या मनात आहे, ते जवळजवळ सगळंच पीबी. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत; तो दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात आहे आणि हौस हे कारण तिथे चालत नाही.

विकणारा सांगेल, ‘काही होत नाही, कोण बघतंय.’ त्याचं ऐकू नका. परवान्याशिवाय प्रतिबंधित शस्त्र बाळगलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त चौदा वर्षं कैद आहे. एनपीबी शस्त्र विनापरवाना सापडलं तरी दोन ते पाच वर्षं आहेतच. एका जुन्या वस्तूपायी घराची इतकी वर्षं डावावर लावावीत, अशी वस्तू जगात नाही.

मॅग्नमचीही चौकशी होते, .३५७ किंवा .४४. सिनेमामुळे या नावांची मोहिनी मोठी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांना .४४ मॅग्नम वापरलेल्या स्थितीत रीतसर दुकानातून मिळतं, तिथला कायदा वेगळा आहे. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी विदेशी शस्त्रांची आयात बंद आहे. त्याआधी आलेले मोजके नग हातोहात फिरतात, त्यांची किंमत नव्या भारतीय रिव्हॉल्व्हरच्या कितीतरी पट असते आणि काडतुसं मिळता मिळत नाहीत. शिवाय कोणत्याही वेगळ्या बोरच्या बाबतीत पैसे मोजण्याआधी परवाना शाखेकडून लेखी खुलासा घ्यावा लागतो. ज्यात घालायला गोळीच नाही, ते शस्त्र घेऊन करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: आपल्या भागातल्या माणसाने बत्तीस (.३२) बोर घ्यावं आणि त्यात पूर्ण समाधान मानावं. तसं समाधान त्यात खरोखर आहे, ते पुढे सांगतोच.

त्याआधी एक धोका, कारण तो रावेरच्या उंबऱ्यावर उभा आहे. सातपुड्याच्या कुशीतली उमर्टी आणि बऱ्हाणपूरकडची पाचोरी ही नावं गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत वर्षानुवर्षं येत आहेत. ‘जुनं आहे, बिना नंबरचं आहे, स्वस्तात मिळतंय’ असा निरोप कुणी आणला तर तो बहुतेक वेळा याच वाटेने आलेला असतो. अशा कट्ट्याची नळी शस्त्राच्या पोलादाची नसते, तिची दाबचाचणी कधी झालेली नसते, आणि ती फुटते तेव्हा चालवणाऱ्याच्या हातात फुटते. आणि कायद्याच्या दृष्टीने तर निर्मात्याचं नाव आणि क्रमांक नसलेलं शस्त्र विकणंसुद्धा गुन्हा आहे. हत्यारावर नंबर नसेल किंवा कानस मारून घासलेला दिसला, तर तिथून उठायचं. भाव विचारत बसायचं नाही.

आता रीतसर वाट. परवाना देणारे जिल्हादंडाधिकारी म्हणजे आपले जळगावचे जिल्हाधिकारी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ए-१ नमुन्यात अर्ज करायचा, राष्ट्रीय नोंदीत तुमचा युनिक क्रमांक पडतो, रावेर पोलीस ठाण्यातून चौकशी होऊन अहवाल वर जातो. वय २१ पूर्ण हवं. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते कुठे कुलूपबंद ठेवणार याची हमीही द्यावी लागते. परवाना मिळाला की तो पाच वर्षांचा. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, २०१९ पासून दोनच.

शेतकऱ्यांनी एक फरक नीट समजून घ्यावा. रानडुकरांनी केळीची बाग उकरली म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना मागता येतो, पण तो ठासणीच्या बंदुकीचा. रिव्हॉल्व्हर हवं असेल तर कायदा ‘सबळ कारण’ मागतो. कारण म्हणून नुसतं ‘स्वसंरक्षणार्थ’ एवढा शब्द लिहून भागत नाही. रोकडीचे व्यवहार असतील तर त्यांचे कागद, धमकी आली असेल तर पोलिसांत दिलेली तक्रार, रात्री-अपरात्री कुठल्या रस्त्याने जावं लागतं त्याची माहिती, हे सगळं अर्जाबरोबर जोडा. आणि नाकारलं तर ते लेखी कारणासह मागा. त्यावर अपिलाची सोय आहे.

वापरलेलं शस्त्र दोन मार्गांनी येतं. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानातून, किंवा थेट दुसऱ्या परवानाधारकाकडून. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, पण त्यात कायद्याने एक थांबा ठेवला आहे आणि तो लोकांना माहीतच नसतो. विकणाऱ्याने आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचं की मी हे शस्त्र अमुक माणसाला विकतो आहे. त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय शस्त्र हातातून हातात जाता कामा नये. ‘पैसे आज द्या, कागद नंतर करू’ हे वाक्य इथे धोक्याचं आहे. या ४५ दिवसांत पैसे द्यायचेच असतील तर बयाणा द्या, चेकने द्या आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक लिहून घ्या. शस्त्र मात्र त्याच्याकडेच राहू द्या. व्यवहार झाला की त्याच्या परवान्यावरून नोंद कमी झाली आणि तुमच्या परवान्यावर चढली, या दोन्ही गोष्टींच्या शिक्क्यांची प्रत जवळ ठेवा.

रावेरकरांच्या बाबतीत आणखी एक पेच येतो. आपला बाजार बऱ्हाणपूरला, सोयरीक बऱ्हाणपूरला, आणि विकणाराही पुष्कळदा तिकडचाच. पण चोरवडच्या पुढे राज्य बदलतं. तुमचा परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर तिकडून शस्त्र कमरेला लावून येणं हा गुन्हा आहे, मग अंतर कितीही थोडं असो. परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो, तो वाचा. तिकडच्या जिल्ह्याची ना-हरकत आणि वाहतुकीची परवानगी हातात आल्यावरच माल हलवायचा. ही कामं दोन्ही बाजूंचे विक्रेते आपसांत करून देतात. त्यांना त्याचे पैसे द्यावेत, ते वाया जात नाहीत.

आता खरं काम. समोर टेबलावर रिव्हॉल्व्हर ठेवलं आहे. पहिल्यांदा उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतः बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. मग क्रमांक. बॉडीवरचा, आणि नळीवर, सिलिंडरवर क्रमांक असतील तर तेही, परवान्याशी ताडून पाहा. भाग बदललेले असतील तर तसं विचारा.

बत्तीस बोरचं वेब्ली असो की कानपूरच्या सरकारी कारखान्यात त्याच घडणीवरून तयार झालेलं भारतीय रिव्हॉल्व्हर, दोन्ही वरून मोडून उघडतात. अंगठ्याने खिटी दाबली की नळी बिजागरीवर खाली झुकते आणि मधली चांदणी वर येऊन सहाही टरफलं एकदम बाहेर ढकलते. ही रचना सुंदर आहे, पण झिजते ती इथेच. शस्त्र बंद करून एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने नळी धरा, वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. बिजागरीत किंवा खिटीत खडखड जाणवली तर ते शस्त्र कितीही चकाकत असलं तरी सोडून द्या. बारची धडक तिथेच बसते आणि फट वाढतच जाते.

नंतर सिलिंडर. घोडा अगदी सावकाश मागे ओढा, आणि ओढताना दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकंसं टेकवून त्याला किंचित अडवा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी सिलिंडर आपल्या जागी ‘टक्’ करून बसलं पाहिजे. सहाही घरांवर हे करा, कारण एखादंच घर चुकीचं असू शकतं. जे घर नळीशी नेमकं जुळत नाही, त्यातून सुटलेली गोळी नळीच्या काठाला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते लागतात. आता घोडा पूर्ण खाली असताना, चाप मागे दाबून ठेवून, सिलिंडर दोन बोटांत धरून हलवा. बाजूला अगदी जराशी हालचाल चालते. पुढे-मागे हलत असेल तर विचार करा. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजायला गॅरेजमधला फिलर गेज पुरतो. ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असेल तर ठीक, ०.३० च्या वर गेली तर झीज झाली आहे. घोडा चढवून ठेवला असताना त्याला मागून अंगठ्याने हळूच रेटून बघा. चाप न दाबता तो पडला, तर त्या शस्त्रात काडतूस घालायचंच नाही.

नळीत पांढरा कागद धरून उजेड आत सोडा. आतले पेच (रायफलिंग) कडक, धारदार दिसायला हवेत. बारीक खड्डे म्हणजे जुन्या गंजाच्या खुणा. थोडे असतील तर नेमावर फारसा परिणाम होत नाही. मात्र आत एखादी काळपट गोल कडी दिसली तर तिथे नळी फुगली आहे, गोळी अडकून मागून दुसरी सुटल्याची ती खूण. असं शस्त्र दुरुस्तीलाही घेऊ नका. तोंडाची कडा ठेचलेली असेल तर नेम जातो. आणि चकाकीला भुलू नका: नवी निळसर झिलई चढवलेल्या शस्त्रात कोपरे गोलसर झालेले आणि अक्षरं पुसट झालेली दिसतात. मला स्वतःला जुनी, हाताळून राखाडी पडलेली मूळ झिलई नव्या चकाकीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. तिने काही लपवलेलं नसतं. शेवटचा शब्द मात्र परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याचा. तो म्हणेल तेही लिहून घ्या.

बत्तीसची गोळी साधारण ९८ ग्रेनची, .४५५ ची २६५ ग्रेनची. म्हणून पुष्कळांना बत्तीस लहान वाटतं. पण .३२ लाँग हे काडतूस १८९६ पासून नेमबाजांच्या पसंतीचं आहे, आणि आजही आंतरराष्ट्रीय २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धेत ते वापरलं जातं. त्या स्पर्धेत ६० गोळ्या असतात: तीस निवांत, पाच मिनिटांत पाच अशा, उरलेल्या तीस झटपट, जिथे लक्ष्य तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद वळून जातं. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा एशियाडमध्ये याच प्रकारात ६०० पैकी ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी साधली. ती स्पर्धेची खास पिस्तुलं असतात, तुमचं आखूड नळीचं जुनं रिव्हॉल्व्हर त्यांच्या जवळही जाणार नाही. तरी काडतुसाचा स्वभाव तोच: झटका कमी, आवाज सोसण्याइतका, आणि दुसऱ्या गोळीसाठी हात पुन्हा पटकन जागेवर येतो. शिकणाऱ्याला मोठ्या बोरच्या दणक्याने डोळे मिटायची आणि चाप हिसकायची जी खोड लागते, ती बत्तीसवर लागत नाही.

हा आनंद शेतात किंवा तापीकाठी घ्यायचा नाही. रेंजवरच घ्यायचा. जिल्ह्याच्या रायफल संघटनेचं सदस्यत्व घ्या. पुण्याला बालेवाडी आणि मुंबईला वरळी इथे रेंज आहेत. आधी सात मीटरवर कागद लावा. घोडा हाताने चढवून मारायला सुरुवात करा, कारण तेव्हा चाप हलका पडतो. नजर लक्ष्यावर न ठेवता नळीच्या टोकाच्या माशीवर ठेवा, माशी स्पष्ट आणि लक्ष्य किंचित धूसर दिसलं पाहिजे. गोळ्या एकाच बाजूला पडत असतील तर आधी आपली पकड तपासा, शस्त्राला दोष नंतर. सहा गोळ्या झाल्या की उघडायचं, टरफलं हातात घ्यायची, बघायची. पिनेची खूण सहाही टोप्यांवर सारखी खोल हवी. एखादी उथळ असेल तर त्या घराची फट किंवा घोड्याची स्प्रिंग तपासून घ्यावी लागेल. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा, यात सूट नाही. टरफलं टाकू नका, काडतुसांचा हिशेब विचारला तर ती दाखवता येतात. परवान्यावर वर्षाला किती आणि एका वेळी किती काडतुसं घेता येतात ते लिहिलेलं असतं.

काडतुसं जुन्या शस्त्राबरोबर ‘फुकट’ मिळत असतील तर ती वापरू नका. कित्येक जुन्या काडतुसांच्या टोप्यांमधला मसाला नळीत मीठ सोडतो आणि एका पावसाळ्यात पेच खाऊन टाकतो. नवी, डबाबंद, ओळखीच्या शिक्क्याची घ्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का जुन्या शिकाऱ्यांना पाठ असायचा.

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जुलैत भिंती घामेजतात. म्हणून तेल भरपूर लावण्याचा मोह होतो. जास्त तेल आत मुरतं, धूळ धरतं, काडतुसाच्या टोपीत शिरलं तर गोळी फुसकी जाते. पितळी ब्रशने नळी साफ करून वर पातळ तेलाचा हात फिरवला की पुरे. आणि चामड्याच्या म्यानात कधीही ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि पोलादावर चट्टे उठवतं. म्यान फक्त बाळगण्यापुरतं. घरी तिजोरीत, मऊ कापडात, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली कुणाकडे आहे हे घरातल्या एका मोठ्या माणसाला ठाऊक हवं, मुलांना नाही.

लग्नाच्या वरातीत, जत्रेत, निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत हवेत बार काढणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येते. निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश निघू शकतो. आदेश आला की ठाण्यात देऊन पावती घ्या, आणि आचारसंहिता संपली की लगेच परत आणा. ठाण्याच्या ओल्या कपाटात राहिलेल्या शस्त्राला घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तेलाचा हात द्यावा.

राहिला आजोबांचं शस्त्र सापडलेला नातू. परवानाधारक वारला की घरात सापडलेलं शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. ते .४५५ असलं तरी भिऊ नका. वेळेत जमा करणाऱ्याच्या बाजूने कायदा आहे, लपवणाऱ्याच्या नाही. कायदेशीर वारस म्हणून परवान्याचा अर्ज करता येतो, पीबी असेल तर तो गृह मंत्रालयाकडे जातो. नकार आला तर शस्त्र रीतसर निकामी करून आठवण म्हणून ठेवता येतं का, हे विक्रेत्याकडून विचारून घ्या. आजोबा हयात असतील तर आणखी सोपं आहे: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल, तेव्हापासून तो आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. नाव देताना घरात ज्याला शस्त्राची खरी आवड आणि धीर आहे त्याचं द्या, मग तो थोरला असो की धाकटा, मुलगा असो की लेक. कुणालाच नको असेल तर आजोबांच्या हयातीतच विक्रेत्याकडे विकून टाका, म्हणजे दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत कुणाला ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.